अर्ध्या वर्षाचं बेट

मी माझा ओला टॉवेल चुकीच्या खांबावर वाळत घातला. मी एवढंच केलं. त्यानंतर जे झालं ते बाकीच्यांनी केलं, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. हे मत बाळगणारा मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी सरली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक आठवडा असा येतो, की आकाशकंदील उतरवायचा कंटाळा केलेला असतो, पण त्यातला दिवा लावायचाही उत्साह संपलेला असतो. पंखा पाचावरून एकवर येतो. जिन्यात कुणाच्या तरी रजईतल्या डांबरगोळ्यांचा वास रेंगाळतो. फराळाच्या डब्यांच्या तळाशी फक्त शंकरपाळे उरतात आणि तेही अंगाने जरा मऊ पडलेले. आणि मग एखाद्या दिवशी, स्वयंपाकाच्या वेळी, कुणाच्या तरी कुकरची शिटी होते आणि डक्टमधून नव्या आंबेमोहोराचा वास मजल्यामजल्याने वर चढत येतो.

नव्या तांदळाचा भात गिचका होतो. पोळ्यावाल्या बाईंना तो आवडत नाही. माझ्या डॉक्टरांना तर भात या विषयाचाच तिटकारा आहे. पण तो वास आला की मला पाणी दिसायला लागतं. पाण्यावर सकाळचं धुकं, धुक्यातून येणारा लाँचच्या इंजिनाचा टुकटुक आवाज, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे पिवळ्या खाचरांची एक टेकडी. वसुधा, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "निघाली स्वारी बेटावर. आधी गॅस बंद करा."

पुण्याला बेट नाही. समुद्रच नाही तर बेट कुठलं, हे मुंबईच्या नातेवाइकांनी आम्हाला पुरेशा वेळा ऐकवून झालेलं आहे. पण पश्चिमेला आमची धरणं आहेत. त्यातलं एक धरण भरलं की एका टेकडीची मान पाण्याखाली जाते आणि डोकं तेवढं वर राहतं. त्या डोक्यावर थोडी घरं, थोडी खाचरं, एक देऊळ आणि पुष्कळ कोंबड्या. धरणाचं नाव मी सांगणार नाही. मागे एका शांत धबधब्याचं नाव मी विश्वासाने एका मित्राला सांगितलं होतं. आता तिथे मिसळ मिळते.

वस्तीचं नाव मात्र सांगतो, कारण ते कुठल्याच नकाशात सापडणार नाही. वरली वस्ती. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं, बरीच माणसं लांब पुनर्वसनात गेली, आणि जी हट्टी होती ती टेकडी चढून वर आली. आता खाली काहीच नाही, तरी ही अजून वरलीच.

भाद्रपदापासून साधारण फाल्गुनापर्यंत ते बेट असतं. मग पाणी उतरतं, टेकडीची मान हळूहळू उघडी पडते, चिखल वाळतो, त्यावरून जीप यायला लागते आणि बेटाचा पुन्हा डोंगर होतो. असं अर्धवेळ बेट मी दुसरं पाहिलेलं नाही. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि अर्धवेळ काहीतरी काम शोधत होतो, म्हणूनही असेल, मला ते फार जवळचं वाटलं.

या बेटाची आणि माझी गाठ घालून दिली हिराबाईंनी. हिराबाई थंडीच्या सुरुवातीला डोक्यावर पोतं घेऊन आमच्याकडे नवा तांदूळ विकायला येत. लिफ्ट असली तरी जिन्याने येत. "डब्यात कोंडून घ्यायला मी काय तांदूळ हाय?" असं एकदा त्यांनी वसुधाला विचारलं होतं. पोतं उतरवायचं, पदराने मान पुसायची, पाणी प्यायचं आणि मग पुण्याबद्दल दोन वाईट शब्द बोलून मापाला हात घालायचा, ही त्यांची पद्धत.

एकदा बोलता बोलता त्यांनी लाँचचा उल्लेख केला आणि मी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही बेटावर राहता? चारही बाजूंनी पाणी? वा! काय भाग्य आहे हो तुमचं, हिराबाई. आम्ही इथे धूर खातोय आणि तुम्ही..."

हिराबाईंनी माप पोत्यातच थांबवलं. "भाग्य म्हनता? मग द्या की तुमची पोरगी आमच्या संतोषला."

मला मुलगी नाही. पण खरं सांगायचं तर असती तरी मी त्या क्षणी पेपर पुन्हा वर उचलला असता. तो मी उचललाच.

मग त्यांनीच सांगितलं. संतोष त्यांचा थोरला. शिकलेला, कामसू, सुपारीसुद्धा खात नाही. भात आहे, म्हशी आहेत, पक्कं घर आहे. पण स्थळं येतात ती पाण्याच्या काठापर्यंत. काठावर उभं राहून मुलीचे वडील समोरची टेकडी बघतात, मधलं पाणी बघतात, आणि एकच विचारतात, 'बाळंतपणाला अडली तर? साप चावला तर?' आणि लाँचमध्ये पाऊलसुद्धा न टाकता परत जातात. "त्येंचं चूक हाय आसं म्या म्हननार न्हाई," हिराबाई म्हणाल्या. "माझी आसती पोर, तर म्या तरी दिली आसती का? पर मंग माझ्या पोरानं काय करावं? पान्यात उडी घ्यावी?" वस्तीतली बरीचशी पोरं याच एका प्रश्नापायी वाघोलीकडे, चाकणकडे निघून गेली होती, तिथे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला मुलगी मिळते. संतोषचंही लग्न ठरलं नाही तर तोही जाणार, हे त्याने आईला सांगून टाकलं होतं. आणि तो गेला की भात लावणार कोण, आणि मग आमच्याकडे पोतं घेऊन येणार तरी कोण?

मला काहीतरी दिलाशाचं बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "आम्ही येऊ एकदा तुमच्याकडे."

त्या शांतपणे म्हणाल्या, "या. कापनीला या. पर हातात विळा धरावा लागंल."

अशा रीतीने आम्ही गेलो. लाँच म्हणजे मी मनात काहीतरी पांढरं, रेलिंगवालं धरलं होतं. ती निघाली एक गंजकी, निळ्या रंगाची, मोठ्या परातीसारखी वस्तू. आत एक शेळी, गॅसचा सिलिंडर, खताची पोती, शाळेच्या बाईंचा डबा आणि आम्ही. चालवणारे बबनराव. पाण्यापेक्षा त्यांचं लक्ष बिडीकडे जास्त, असं मला वाटलं. पण लाँच बरोबर जिथे लागायची तिथेच लागली. चहा गार व्हायला लागेल एवढाच काय तो प्रवास. मी मात्र त्यात उभा राहून, वाऱ्याला तोंड देऊन, दोन फोटो काढून घेतले आणि उतरताना फळीऐवजी चिखलात पाय ठेवला.

"दरवर्साला एक जातो," बबनराव शेळीला म्हणाले.

तिथे गेल्यावर पहिली गंमत कळली ती अशी, की आपण ज्याला बेट म्हणतो त्याला तिथले लोक काहीच म्हणत नाहीत. ते घर असतं. जे काही पाण्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, ते 'पल्याड'. तालुका पल्याड, दवाखाना पल्याड, पुणं पल्याड, मुंबई, दिल्ली, सगळं पल्याड. "पल्याडची मानसं आलीत," असं आमच्याबद्दल एक म्हातारी दुसरीला ओरडून सांगत होती. आयुष्यभर मी इतरांना 'तिकडचे' म्हणत आलो. पेठेतले आम्हा कोथरूडकरांना तिकडचे म्हणतात, ते मी ऐकून सोडून देत असे. पण असा ठार, सरसकट, पृथ्वीच्या उरलेल्या भागासकट 'पल्याडचा' मी पहिल्यांदाच झालो, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

कापणीचे दिवस. सगळीकडे तो वास. कापलेल्या भाताचा वास शिजलेल्या भातापेक्षा निराळा असतो. त्यात ओल्या मातीचं, वाळलेल्या गवताचं आणि माणसांच्या घामाचं काहीतरी मिसळलेलं असतं. पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. खळ्यावर झोडणीचा धप-धप आवाज. मी विळा हातात घेतला आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या विनंतीवरून परत दिला. वसुधाला मात्र त्यांनी ठेवून घेतलं. ती संध्याकाळी आली तेव्हा तिच्या केसांत भाताची कुसळं होती आणि चेहऱ्यावर मी लग्नानंतर फारसं न पाहिलेलं समाधान.

त्याच संध्याकाळी हिराबाईंनी मला तो खांब दाखवला. लाँच लागते त्या घाटाच्या वर, उघड्यावर, एक उंच बांबू पुरलेला. फोनला रेंज म्हणाल तर देवळामागच्या चिंचेखाली येते, तीही तिच्या मर्जीने. आणि बबनराव फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवतात, म्हणजे तो भिजत नाही आणि ऐकूही येत नाही. म्हणून जुनी रीत अजून चालू. बांबूवर पांढरं फडकं लागलं की समजायचं, कुणाच्यातरी जिवाशी आलंय. पल्याडहून लाँच आहे तशी, असेल त्या माणसांसकट निघते. आणि इकडे वस्तीतला प्रत्येक माणूस हातातलं टाकून घाटावर धावतो. कुणी डोलीचा बांबू घेऊन, कुणी घोंगडी घेऊन, कुणी नुसताच. कुणाला झालंय हे विचारत थांबायचं नाही. आधी पोचायचं. त्या खांबाला एरवी कुणी शेळीसुद्धा बांधत नाही.

हे सगळं हिराबाईंनी मला नीट सांगितलं. मी तेव्हा सूर्यास्ताचा फोटो काढत होतो आणि "हो, हो" म्हणत होतो.

दुसरा दिवस महत्त्वाचा होता. दुपारच्या लाँचने संतोषला पाहुणे येणार होते. मुलगी रूपाली, तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात काम करणारी. तिचे वडील आणि मामा घर बघायला येणार होते. आणि मुलगी म्हणाली होती की घरात मला राहायचंय तर मीही बघणार, म्हणून तीही. पहिल्यांदाच कुणी पाण्याच्या अल्याड यायला तयार झालं होतं. हिराबाईंनी रात्रीच सगळं ठरवून ठेवलं होतं. सकाळी कापणी उरकायची, मग सारवण, मग कोंबडी, मग संतोषने आंघोळ करून नवा शर्ट घालायचा. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. संतोष नव्या शर्टाची घडी उघडून परत तशीच घालत होता.

आणि सकाळी मला निसर्गाच्या सान्निध्यात आंघोळ करायची लहर आली. पाणी इतकं गार होतं की मी अर्धी आंघोळ मनातच केली. वर येऊन टॉवेल पिळला. वसुधा लांबून म्हणाली, "झुडपावर टाका." पण झुडपावर काटे, मुंग्या, आणि टॉवेल नवा, पांढराशुभ्र, नीळ दिलेला. समोर उन्हात इतका छान उंच बांबू, त्याला एक खुंटीसुद्धा!

मी टॉवेल अडकवला आणि दगडावर बसून पाठीवर ऊन घेऊ लागलो. वाऱ्याने तो मस्त फडकला.

थोड्या वेळाने वरच्या खाचरातून दोन-तीन माणसं पळत सुटलेली दिसली. मग दहा-बारा. मग बाया, पदर खोचून. मला वाटलं, काय ही तब्येत! कामाआधी व्यायाम! मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. सगळ्यात पुढे संतोष. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात फाटका बनियन, खांद्यावर डोलीचा बांबू. मागोमाग देवळातले पुजारी, शाळेच्या बाई आणि सात-आठ पोरं. वस्तीतली एकुलती एक पोटुशी बाई, जिच्यासाठी सगळ्यांचा जीव खालीवर झाला होता, तीही "कुनाला काय झालं गं?" करत पोट धरून पळत येत होती, आणि तिला येताना बघून तिची सासू धावता धावता मटकन खालीच बसली.

तेवढ्यात लाँचही आली. कधी नव्हे एवढ्या जोरात. झालं होतं असं, की रूपालीचे वडील वेळेच्या फार आधी पोचणारे गृहस्थ. लवकर जाऊन टपरीवर चहा घ्यावा आणि बबनरावांकडून मुलाची गुपचूप चौकशी करावी, असा त्यांचा बेत. उन्हं चढली म्हणून मंडळी उभ्या लाँचमध्ये सावलीला बसली होती. बबनरावांनी समोर पांढरं फडकताना पाहिलं, "बसून ऱ्हावा!" एवढंच ओरडले आणि दोर सोडला. फेटा बांधलेले मामा, हातात पेढ्यांचा पुडा धरलेले वडील आणि निळ्या साडीतली रूपाली, असे तिघे जण घाईने घाटावर उतरले, तेव्हा त्यांच्यासमोर चिखलाने माखलेली अख्खी वस्ती धापा टाकत उभी होती. मधोमध नवरा मुलगा, बनियनवर.

बबनरावांनी विचारलं, "पेशंट कुठाय?"

जो तो दुसऱ्याकडे बघून माणसं मोजत होता. शेवटी वसुधाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काय, उभे आहेत."

सगळ्या माना आधी माझ्याकडे, मग वर टॉवेलकडे, मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. मी अर्ध्या चड्डीत होतो. अशा वेळी माणसाने काहीतरी समयसूचक बोलावं. मी म्हणालो, "या, या. स्वागत आहे."

त्या सकाळची पुढची आठवण मला तुकड्यातुकड्यांनीच आहे. सारवण न झालेली ओटी. घाईघाईने बसायला अंथरलेली घोंगडी. दुपारी जी कोंबडी रश्श्यात असायला हवी होती, ती पाहुण्यांच्या पायांतून डौलात फिरत होती. संतोष मागच्या दाराने आंघोळीला पळाला तो नवा शर्ट उलटा घालून आला. हिराबाई चुलीपाशी बसल्या होत्या, पण त्यांचे हात चालत नव्हते. मी जवळ जाऊन म्हणालो, "हिराबाई, मी फार..." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "भाऊ, जरा बाजूला व्हा. उजेड आडवताय."

रूपालीच्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला, जो सगळे काठावरून विचारून जात. "काय झालंच रात्री-अपरात्री, तर काय करता?"

संतोष खाली बघत म्हणाला, "आत्ता केलं त्येच."

"सगळी येतात?" रूपालीने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली होती. "दरवेळी?"

ओटीच्या कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "येत्यात म्हंजी? टावेलाला बी येत्यात."

मामा हसले. वडील हसले नाहीत. उशिरा जेवण झालं. नव्या तांदळाचा भात आणि पुरता न शिजलेला रस्सा. निघताना वडील म्हणाले, "बघू. विचार करून कळवतो." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना पाठ असतो. परतीच्या लाँचमध्ये आम्हीही त्यांच्याबरोबरच होतो. मी एका टोकाला तोंड पाण्याकडे करून बसलो, ते तिघे दुसऱ्या टोकाला काहीतरी बोलत होते, आणि इंजिनाच्या आवाजात मला एकही शब्द ऐकू आला नाही.

त्या थंडीच्या सुरुवातीला हिराबाई आल्या नाहीत. मार्गशीर्ष गेला. वसुधाने दुकानातला तांदूळ आणला. तो सुटसुटीत, मोकळा, लांबडा, आणि त्याला कागदाचा वास. मी तक्रार केली नाही. रोज बेल वाजली की आधी मी उठायचो आणि कुरियरवाल्याला बघून तो चुकीच्या पत्त्यावर आला असल्यासारखा चेहरा करायचो.

त्या दिवसांत मी पुष्कळ विचार करत असे. त्या धावणाऱ्या माणसांचा. आमच्या सोसायटीचा एक ग्रुप आहे. त्यावर कुणाला दवाखान्यात नेल्याचं कळलं की पाच मिनिटांत चाळीस जोडलेले हात येतात, आणि जिन्यात एक पाऊल वाजत नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी काहीतरी करायला जातो. समोरच्या सबनीसबाई एकट्या राहतात. एक दिवस दुपार झाली तरी त्यांची दुधाची पिशवी दाराच्या कडीलाच. मी विचार केला, हेच आपलं पांढरं फडकं! आणि दार बडवायला सुरुवात केली. वरचे पाटील आले, खालचे शेख आले, वॉचमन आला. दार उघडलं. सबनीसबाई झोपेतून उठून आल्या होत्या.

"एवढं काय बडवताय? मेले नाहीये मी. रात्री उशिरापर्यंत मॅच बघत होते."

सगळे पांगले. मीही घरात येऊन गुपचूप बसलो. पण आठवड्याने बाई आमच्याकडे आल्या आणि घराची दुसरी किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही असू द्या. पुढच्या वेळी निदान आवाज तरी कमी होईल." त्या किल्लीने मला का कोण जाणे फार उभारी आली. म्हणजे इथेही जमेल. धावायची सवय नाही म्हणून पाय जड आहेत, इतकंच.

संक्रांतीच्या आसपास बेल वाजली. पोतं. पदराने मान पुसणं. पाणी. हिराबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि वसुधाला म्हणाल्या, "ताई, बैशाखात लगीन हाय. मान उघडी पडली की. ह्यांना बी आना, पर कपडे घालून."

लग्नाला गेलो तेव्हा बेट नव्हतं. जिथून लाँच गेली होती तिथे भेगाळलेली जमीन, आणि तिच्यावरून सजवलेल्या जीपा धूळ उडवत येत होत्या. जुन्या गावातल्या विहिरीचा काठ वर आला होता. म्हातारी माणसं तिथे थांबून हात जोडत आणि पुढे मांडवात जात. नवऱ्या मुलाचा शर्ट सुलट होता. रूपालीचे वडील मला बघून नुसते हसले. मला ते हसणं कृतज्ञतेचं वाटलं.

कारण तोवर माझ्या मनात एक सिद्धान्त पक्का झाला होता. तो असा, की हे लग्न मी जमवलं. विचार करा! मुलीच्या बापाला एकच भीती होती, आणि त्या भीतीचं उत्तर मी त्याला शब्दांत न देता प्रत्यक्ष करून दाखवलं. हा सिद्धान्त मी सकाळच्या योगासनांच्या वर्गात मांडला, आमच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितला, बुधवार पेठेत मिक्सरचा सुटा भाग घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला ऐकवला. तो म्हणाला, "जुना भाग आणलाय का?"

यंदा कापणीला पुन्हा गेलो. लाँचला नवं छप्पर आहे. चिंचेखालची रेंज आता चिंचेच्या थोडी पुढेही येते. रूपालीने ओटीवर औषधांचं कपाट मांडलंय. ताप, सर्पदंश, बाळंतपण, कुठे काय करायचं, कुणाला कळवायचं, हे तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. तिची मुलगी कोंबड्यांमागे दुडदुडत होती. वाघोलीला गेलेली दोन पोरं परत आलीत आणि खाली पाण्यात माशांचे पिंजरे टाकायच्या गोष्टी करतायत. आणि संतोषच्या चुलतभावाला बघायला पाहुणे आले होते, तेही दोन्हीकडचे आजोबा घेऊन, स्वतःहून. वारा सुटला होता, खळ्यावर धप-धप चालली होती, आणि मला वाटलं, हे बेट आता रिकामं व्हायचं नाही.

अशा वेळी माझ्यासारखा माणूस गप्प कसा बसेल? मी त्या नव्या पाहुण्यांना माझी गोष्ट सांगितली. साग्रसंगीत. धावणाऱ्या माणसांचं वर्णन करताना मी उठून उभाही राहिलो. "तर सांगायचं काय," मी शेवट केला, "रूपालीचं लग्न जमलं ते माझ्यामुळे."

पाहुणे देवळाकडे गेले. रूपाली चहाचे कप गोळा करत होती. हसू दाबायचा प्रयत्न तिने बराच वेळ केला असावा.

"काका, एक सांगू? रागवू नका. संतोषचं नि माझं फोनवर त्याच्या आधी दोन महिने चाललं होतं. तो त्या चिंचेखाली उभा राहायचा, मी दुकानातून बोलायचे. माझं ठरलेलंच होतं. बाबांना तेवढं माणसं दाखवायला आणलं होतं."

"मग तेच ना! माणसं त्यांना दिसली की नाही?"

"दिसली. परतीच्या लाँचमध्ये बाबा म्हणाले, 'पोरी, माणसं जीव टाकणारी आहेत, मला पटली. पण त्यांच्यात तो एक डोक्यानं अधू आहे, अर्ध्या चड्डीतला. ते यांच्या रक्तातच असलं तर?' घरी पोचेपर्यंत मी समजावत होते, की बाबा, तो यांच्यातला नाही, पुण्याहून आलाय. तेव्हा कुठं बाबा म्हणाले, 'आधी सांगायचं की गं. मग काय हरकत नाही.'"